परासिया ते न्यूटन चिखली : बंद खाणींवरून चालताना

छिंदवाडा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पेंच आणि कन्हान या दोन नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत, दगडी कोळशाचा एक लांबट पट्टा पसरलेला आहे. परासिया, चांदामेटा, बडकुही, न्यूटन चिखली, इकलहरा, जुन्नारदेव, दमुआ ही त्यावरची गावे. पेंच म्हटले की आज मराठी वाचकाला वाघ आठवतो. पण जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधी ‘पेंच व्हॅली’ हे नाव एका कोळसा कंपनीच्या पाटीवर होते. या पट्ट्यातल्या काही खाणी अजून चालू आहेत, पण जुन्या भूमिगत खाणींपैकी बऱ्याच बंद पडल्या. त्यांच्या माथ्यावरून परासियाहून निघून चांदामेटा, बडकुही करत न्यूटन चिखलीपर्यंत जाणारी वाट एका दिवसात पायी होते. चढण फार नाही, दमछाक होत नाही. या वाटेला लागते ती माहिती, कारण पाहण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे पायाखाली आहे.

भोपाळहून येणाऱ्यासाठी इंदूर-भोपाळ मार्गाने धावणारी पेंचव्हॅली एक्स्प्रेस सोयीची. भोपाळच्या पायाखाली कोळसा नाही. तिथे विंध्य पर्वताचा वालुकाश्म आहे आणि त्यावर जागोजागी दख्खनचा काळा पाषाण. भीमबेटकाच्या गुहा याच वालुकाश्मातल्या. नर्मदा ओलांडून इटारसी मागे पडली की धाराखोहचा घाट आणि बोगदे लागतात, गाडी सातपुड्यात शिरते. आमला जंक्शनवर ती नागपूरची मुख्य लाइन सोडून पूर्वेकडे वळते आणि जुन्नारदेववरून परासियाला पोचते. या प्रवासात खडकांचा प्रकारच बदलतो. विंध्य मागे राहतो आणि गोंडवन खडकांचा प्रदेश सुरू होतो.

‘गोंडवन’ हा शब्द जगाच्या भूशास्त्राला याच भागाने दिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये सातपुड्यातील या खडकांसाठी गोंडांच्या देशाचे नाव वापरले. पुढे एडवर्ड सूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या एका प्राचीन जोडखंडाला तेच नाव दिले. परासियाच्या परिसरात कोळशाबरोबर निघालेल्या राखाडी पाटीच्या दगडात कधी कधी जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा सापडतो: मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. ही ग्लॉसोप्टेरिस. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी इथल्या दलदलीत ही झाडे वाढली, पडली, गाळाखाली दबली. त्यांचाच कोळसा झाला. अंटार्क्टिकात १९१२ मध्ये मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने अखेरपर्यंत ओढत नेलेल्या दगडांतही याच वनस्पतीचे ठसे मिळाले. दगडाचा एक चपटा तुकडा उन्हात तिरका धरला की ठसा उठून दिसतो, सरळ धरला तर हरवतो. खाणीत काम केलेली माणसे ही खूण चांगली ओळखतात. गच्चीवर वाळत घातलेली पाने दगडाला चिकटून राहावीत, तसे ते ठसे दिसतात.

दुसरी खूण रंगाची. कोळशाच्या थरात काही ठिकाणी काळ्या पाषाणाची भिंत घुसलेली असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर येताना कोळशाचे थर फोडून गेला, त्याच्या या वाटा. त्यांच्या शेजारचा कोळसा भाजून निघाला. तो करडा, कडक, भेगाळलेला दिसतो. खाणीच्या भाषेत हा ‘झामा’. झामा लागला की त्या बाजूचे काम थांबे, कारण तो जळणाच्या कामाचा राहिलेला नसतो. सर्व्हेअरच्या नकाशावर या भिंती सरळ रेषेसारख्या काढलेल्या असतात आणि पुष्कळ गॅलऱ्या, म्हणजे कोळशात काढलेले बोगदे, त्या रेषेपाशी येऊन संपतात.

कोळसा इथे आहे हे १८५२ मध्येच नोंदले गेले होते. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असलेले डॉ. जर्डन आणि लेफ्टनंट सँकी यांनी बडकुहीजवळचा थर पाहिला. हे सँकी म्हणजे ज्यांच्या नावाने बेंगळुरूचा सँकी तलाव आहे तेच. पण नोंद झाल्यानंतर अर्धे शतक काही घडले नाही. कोळसा जड माल आहे, बैलगाडीने डोंगर उतरवून तो परवडत नाही. सातपुड्याच्या उत्तर अंगाला, नर्मदेच्या खोऱ्यात, मोहपानीची खाण १८६० च्या दशकातच सुरू झाली, कारण तिच्याजवळून रेल्वे जाणार होती. वऱ्हाडच्या पूर्वेला वरोऱ्याची सरकारी खाण चालली आणि १९०६ मध्ये बंदही झाली. पेंच खोऱ्याची पाळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली, नॅरो गेज छिंदवाड्यापर्यंत पोचल्यावर. शॉ वॉलेस कंपनीच्या व्यवस्थापनाखाली पेंच व्हॅली कोल कंपनीने इथे खाणी काढल्या. नंतर ब्रॉड गेज आली आणि हा कोळसा मुंबईकडच्या गिरण्या-इंजिनांपर्यंत सहज जाऊ लागला.

प्रशासनाच्या दृष्टीने हा भाग नागपूरचा होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर. छिंदवाडा त्यातला जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि जिल्ह्याचा कारभार भोपाळला गेला. कोळशाचा कारभार मात्र नागपूरकडेच वळला: १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडचे मुख्यालय तिथे आहे. सौसर, पांढुर्णा हा मराठी मुलूख याच जिल्ह्याला लागून, आणि खाणीच्या वस्तीत हिंदी, गोंडी, मराठी एकमेकींत मिसळून बोलल्या गेल्या. त्यामुळे खाणीचे शब्दही सरमिसळ झाले आहेत. गैंती (कुदळ), सब्बल (पहार), बेलचा (फावडे) हे हिंदीकडचे; टब (कोळशाची डबी), हॉलेज (दोराने टब ओढण्याची व्यवस्था), फेस (खोदकामाचे टोक), सीम (कोळशाचा थर) हे इंग्रजांनी ठेवलेले; आणि मुन्शी (हिशेबनीस), सरदार, हाजिरी ही नावे त्याहून जुन्या चाकरीची. ही शब्दावली कळल्याशिवाय या वाटेवरचे अवशेष वाचता येत नाहीत.

बंद खाणीच्या आवारात पहिली ओळखू येणारी इमारत बहुधा लॅम्परूमची. एक लांब खोली, समोर खिडक्यांसारख्या जागा, भिंतीवर खिळ्यांच्या किंवा हुकांच्या ओळी. कामगार पाळीवर आला की हाजिरी लावून इथे येई, आपल्या नंबरचे पितळी टोकन देई आणि दिवा घेई. टोपीवर लावायचा दिवा, कमरेला बॅटरी. पाळी सुटली की दिवा परत, टोकन परत. हुकावर एखादे टोकन राहिले याचा अर्थ एक माणूस अजून खाली आहे. खाणीत किती माणसे आहेत याचा रजिस्टरपेक्षा खरा हिशेब या हुकांवर असे, आणि अपघाताच्या दिवशी घरच्या बायका भिंतीपाशी येऊन आधी तिकडे पाहत. ओस पडलेल्या लॅम्परूमच्या भिंतीवर गंजलेले हुक दिसतात, तेव्हा हे लक्षात असावे.

लॅम्परूमपासून उतार सुरू होतो तो इनक्लाइनच्या तोंडाकडे. पेंच खोऱ्यात थर फार खोल नसल्याने अनेक खाणी जमिनीतून तिरक्या उतरलेल्या बोगद्यांनी, म्हणजे इनक्लाइनने, उघडल्या गेल्या. तोंडाशी दगडी किंवा विटांची कमान, पलीकडे हॉलेजचे घर. तिथल्या इंजिनाच्या दोरखंडाने भरलेले टब वर ओढले जात आणि रिकामे खाली सोडले जात. आता ही तोंडे भिंतीने बंद केलेली असतात, आणि ती तशीच राहिली पाहिजेत. एखादी भिंत फुटलेली दिसली तरी आत पाऊल टाकू नये. हवा न खेळणाऱ्या जुन्या कामात कोळसा हवेतला प्राणवायू हळूहळू शोषून घेतो. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस दहा-वीस पावलांत कोसळतो. वातावरणाचा दाब उतरला की बंद खाण श्वास सोडावा तशी आतली हवा बाहेर टाकते, म्हणून भिंतीला टेकून बसणेही शहाणपणाचे नाही.

आत काय चाले हे समजून घेतल्यावर वरची जमीन कळू लागते. खोदण्याची पद्धत ‘बोर्ड अँड पिलर’. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. वरचा डोंगर त्या खांबांवर उभा. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी गॅलरीची उंची ३ मीटर आणि रुंदी ४.८ मीटरपेक्षा जास्त नसावी असे बंधन घातले. गॅलरीच्या टोकाला फेस. तिथे भोके पाडून दारू भरायची, शॉटफायररने बार उडवायचा, धूर निवळू द्यायचा. मग आत जाणारा पहिला माणूस टब भरणारा लोडर नव्हे, तो सरदार.

मायनिंग सरदार हे पद कायद्याने ठरवलेले आणि परीक्षा देऊन मिळणारे आहे, पण त्याच्या कामाचा गाभा परीक्षेत मावत नाही. त्याच्या हातात काठी असते. बार झाल्यावर तो छताखाली, सुरक्षित बाजूला उभा राहून, काठीने छत ठोकतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावून ठेवतो. अखंड छत खणखणीत वाजते. पोकळ छत ढब ढब बोलते, आणि तळव्याला सूक्ष्म थरथर जाणवते: वरचा थर मूळ खडकापासून सुटला आहे. असा सुटलेला पापुद्रा सब्बलने आधी पाडायचा, नाहीतर त्याखाली थुणी द्यायची. हे करायला मोजकी मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांवर पाळीतल्या सगळ्यांचा जीव असतो. कोळसा लवकर निघावा म्हणून वरून तगादा असतो, लोडर टब घेऊन मागे ताटकळलेले असतात. तरीही ठोकणे पुरे होईपर्यंत कुणाला पुढे न येऊ देणे, हा सरदाराचा खरा कस. भारतातील भूमिगत कोळसा खाणींत छत आणि बाजू कोसळून गेलेल्या माणसांची संख्या फार मोठी आहे. त्या मृत्यूंची बातमी होत नसे, कारण ते एकेकटे होत.

सरदाराकडे सेफ्टी लॅम्पही असे. पितळी बुडखा, जाड काच, वर तारेची जाळी. ज्योत अगदी बारीक करून दिवा छताजवळ नेला, की मिथेन असल्यास पिवळ्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी जितकी उंच तितका वायू जास्त. मिथेनचे हवेतले प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एका ठिणगीने स्फोट होतो. उलट, जमिनीलगत ज्योत मंदावून विझली तर प्राणवायू कमी आहे. एकाच ज्योतीने दोन प्रकारचे मरण आधी ओळखायचे, इतके ते साधे आणि नेमके उपकरण होते.

थुण्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. आज छताला लोखंडी बोल्ट मारतात. जुन्या खाणीत लाकडी थुण्या आणि ओंडके आडवे-उभे रचून केलेले चौक असत. जुन्या कामगारांचा लाकडावर विश्वास अधिक होता, कारण लाकूड मोडण्याआधी बोलते. करकर वाढली की हत्यारे टाकून मागे फिरायचे. लोखंडी टेकू आवाज न करता वाकतो. या पट्ट्यातील डोंगरांवरचे जंगल विरळ होण्यामागे शेती आणि वस्ती होतीच, पण खाणीच्या थुण्यांचाही त्यात वाटा होता.

सरदाराने परवानगी दिली की लोडर पुढे सरकत. बेलच्याने कोळसा टोपलीत, टोपलीतून टबात. एका टबात साधारण टनभर कोळसा मावे आणि मजुरी टबांच्या हिशेबाने. म्हणून रिकामा टब मिळवणे हीच मोठी झटापट. टब न मिळाल्याने पाळी वाया गेली तर घाम गाळूनही हातात कमी पैसे पडत. टब पुरता भरला नाही म्हणून मुन्शीने कापला तर तो वाद वेगळा. एस. आर. देशपांडे यांनी केलेल्या कोळसा कामगारांच्या पाहणीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्य प्रांतातल्या खाणींचाही समावेश आहे आणि त्या काळच्या मजुरीचा, घरांचा, खाण्याचा तपशील शासकीय भाषेत, कोरडेपणाने, पण प्रामाणिकपणे नोंदला आहे.

या टोपल्या उचलणाऱ्यांत बायका होत्या, ही गोष्ट आज सहसा सांगितली जात नाही. नवरा गैंतीने कोळसा पाडी, बायको टोपली वाही. जोडप्याने काम घेण्याची रीत होती. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे ठरले आणि १९३० च्या दशकाअखेर ते पुरे झाले. मग महायुद्धात कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये मध्य प्रांतासह इतर कोळसा प्रांतांत ही बंदी उठवण्यात आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. विधिमंडळात या निर्णयाचे उत्तर त्यांना द्यावे लागले. युद्धाच्या निकडीपुरता तो तात्पुरता आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि खाणीत उतरून काम पाहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. त्यानंतर बायकांना भूमिगत कामाची कायदेशीर वाट २०१९ मध्ये खुली झाली, तीही दिवसाच्या ठरावीक वेळेत आणि तांत्रिक व देखरेखीच्या पदांसाठी. कल्याण निधीतून देशभरच्या कोळसा पट्ट्यांत दवाखाने, पाणी, घरे उभी राहिली. परासिया-चांदामेट्याच्या वाटेवर कामगार वसाहतींच्या चाळी दिसतात तेव्हा त्यांच्यामागे हा सगळा इतिहास आहे.

दुसरा मोठा बदल १९७३ चा. ३० जानेवारीच्या वटहुकुमाने उरलेल्या खासगी खाणींचे व्यवस्थापन सरकारने घेतले आणि १ मे १९७३ पासून त्या राष्ट्रीय मालकीच्या झाल्या. ठेकेदाराचा मजूर हा कंपनीचा कायम कामगार झाला. १९७५ पासून देशभराचा एकच वेतन करार आला. खाणीच्या गावांत पक्की नोकरी, बोनस, क्वार्टर, मुलांच्या शाळा हे सारे या एका दशकात घडले. टब भरणाऱ्या लोडरांच्या जागी हळूहळू यंत्रे आली. पुढे थर संपत गेले, भूमिगत कोळसा महाग पडू लागला, उघड्या खाणींशी त्याला बरोबरी करता येईना. एकेका इनक्लाइनला भिंत लागली. गावातला भोंगा बंद झाला की घड्याळ नसल्यासारखे वाटते, असे तिथले लोक सांगतात. तीन पाळ्यांच्या भोंग्यावर चूल पेटवण्यापासून शाळेच्या डब्यापर्यंत सगळे बांधलेले होते, त्यामुळे त्यात अतिशयोक्ती नाही.

बडकुहीच्या पुढे वाट मोकळ्या माळावरून जाते आणि इथे चालणाऱ्याने जमिनीकडे पाहत चालावे. खांब सोडून काढलेला कोळसा हा थराचा एक भाग. शेवटी ते खांबही काढतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. खांब निघाला की छत मागे कोसळू द्यायचे, त्या कोसळलेल्या पोकळीला ‘गोफ’ म्हणतात. त्याचा परिणाम वरच्या जमिनीपर्यंत पोचतो: बशीसारखा खोलगटपणा, समांतर भेगा, शेताचा मोडलेला बांध, एका बाजूला कललेले झाड. हे खचणे एकदा पुरे झाले की जमीन बहुधा स्थिरावते. अधिक धोका जिथे खांब तसेच राहिले आणि काम उथळ आहे तिथे. ते खांब पाण्याने आणि हवेने वर्षानुवर्षे झिजतात आणि एखाद्या पावसाळ्यानंतर, काही पूर्वसूचना नसताना, शेताच्या मधोमध भगदाड पडते. भेगांतून हवा आत गेली तर उरलेला कोळसा आपोआप तापतो आणि पेटतो. गवत वाळलेल्या हिवाळ्यात एखाद्या पट्ट्यातच ते लवकर करपलेले दिसले, भेगेतून उकडलेला, रॉकेलसारखा वास आला, पहाटे तिथून वाफ निघताना दिसली, तर खाली आग आहे. अशा जागेवरून वळसा घ्यावा.

आग डोळ्यांना दिसते तरी. पाणी दिसत नाही, आणि या वाटेचे शेवटचे ठिकाण पाण्याचे आहे.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसले आणि ६३ कामगार मरण पावले. ५ जानेवारी १९६० रोजी याच पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, दमुआच्या खाणीत, पुन्हा पाणी घुसून १६ जण गेले. १८ नोव्हेंबर १९७५ ला नागपूरजवळच्या सिलेवाड्यात १०. आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २७ डिसेंबर १९७५ रोजी, झरियातल्या चासनाल्याला जुन्या कामात साचलेले पाणी फुटून ३७५ माणसे बुडाली. भारतातल्या खाणींवर जे मोठे आघात झाले त्यांत स्फोटांच्या जोडीने पाण्याचे नाव सतत येते.

बंद खाणीचे पंप थांबले की खालून पाणी चढू लागते आणि गॅलऱ्या, गोफ, सगळी पोकळी भरते. काही वर्षांत तिथे जमिनीखाली एक तलाव होतो, ज्याचा काठ वरून कुणाला दिसत नाही. शेजारच्या खाणीत काम करणाऱ्याला तो तलाव किती दूर आहे हे कळण्याचे साधन एकच: जुन्या खाणीचा नकाशा. म्हणूनच १९५७ च्या विनियमांनी पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करायला मनाई केली, आणि २०१७ च्या नव्या विनियमांतही पाण्याच्या धोक्याविषयीचे कडक नियम आहेत. पण ६० मीटर मोजायचे कुठून? जुन्या मालकाच्या काळात शेवटच्या महिन्यांत काढलेली गॅलरी नकाशावर चढलीच नसेल, किंवा उत्तर दिशा धरण्यात थोडी चूक असेल, तर कागदावरचे ६० मीटर जमिनीखाली सहा मीटरही असू शकतात. खाण बंद करताना अंतिम नकाशा खाण सुरक्षा विभागाकडे देणे कायद्याने बंधनकारक आहे ते याच कारणाने.

सर्व्हेअरचे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. कोळसा काढणाऱ्याचे टन मोजले जातात, सरदाराचा दरारा असतो. सर्व्हेअर ओल्या गॅलरीत तिपाई रोवून, छताला ठोकलेल्या खुणेतून ओळंबा सोडून, दिव्याच्या उजेडात कोन वाचत बसतो आणि वर येऊन शाईने रेघा ओढतो. त्याची रेघ बरोबर असेल तर काहीच घडत नाही, हेच त्याच्या कामाचे यश. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून ७१ माणसे आत अडकली, त्यांतल्या ६५ जणांना अभियंता जसवंतसिंग गिल यांनी जमिनीतून भोक पाडून, लोखंडी कॅप्सूलमधून एकेक करून वर काढले. ते शौर्य सर्वांना माहीत आहे. माणसे कोणत्या उंच गॅलरीत टेकली असतील आणि वरून भोक नेमके कुठे पाडायचे, हे ज्या कागदावरून ठरले त्याची आठवण कमी जणांना आहे.

न्यूटन चिखलीच्या शिवारातले ओहोळ पेंचकडे उतरतात. पेंच पुढे मध्य प्रदेश-महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहत कन्हानला मिळते आणि या दोन नद्यांचे पाणी नागपूरच्या नळांना येते. खाणीचे पाणी वाया जात नाही हेही खरे; वेस्टर्न कोलफील्ड्सने नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीत भरले, आणि सावनेरजवळ खाण पाहण्यासाठी पर्यटन केंद्रही सुरू केले. तिथे वाटाड्या असतो, टोपी असते, कठडे असतात. परासिया-न्यूटनच्या वाटेवर यातले काही गृहीत धरता येत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने ती एकट्याने करू नये.

कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये खाण बंद करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक खाणीने बंद होण्याची योजना आधीच करावी आणि त्यासाठी पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत: तेव्हाच्या दराने उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती पुढच्या खाणींसाठी. पेंच-कन्हान पट्ट्यातल्या ज्या खाणी त्याआधी, काही तर राष्ट्रीयीकरणाच्याही आधी, सोडल्या गेल्या, त्यांच्यासाठी असा पैसा कुणी बाजूला ठेवला नव्हता. त्यांचे नकाशे कार्यालयांच्या कपाटांत असतात. गावात ते नसतात, आणि शेतात भगदाड पडते ते गावात.

खाणींचे हे नकाशे कार्यालयाबाहेर आले पाहिजेत. परासिया, चांदामेटा, बडकुही, न्यूटन चिखली या प्रत्येक ठिकाणी, नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर, आपल्या पायाखाली कुठे गॅलरी आहे, कुठे खांब काढले, कुठे पाणी भरले आहे आणि कुठे आग लागली होती, हे शाळेतल्या मुलालाही वाचता येईल अशा मोठ्या नकाशावर दाखवले पाहिजे. जिथे कागद अपुरा पडतो तिथे माणसे आहेत. ज्या सरदारांनी ते छत ठोकले, ज्या लोडरांनी त्या फेसवर टब भरले आणि ज्या सर्व्हेअरांनी त्या खुणा ठोकल्या, त्यांतले कितीतरी जण याच गावांत राहतात. ‘इथे खाली आमचा पाचवा लेव्हल’ असे ते शेताच्या बांधावर उभे राहून बोटाने दाखवू शकतात. पण त्यांचे वय होत चालले आहे. भोपाळच्या खनिकर्म विभागाने, नागपूरच्या कंपनीने आणि जवळच्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी त्यांना सोबत घेऊन ही वाट चालावी, त्यांचे बोट आणि जुना नकाशा यांचा मेळ घालावा, आणि हे काम येत्या हिवाळ्यात, गवत वाळून भेगा दिसू लागल्या की लगेच सुरू करावे.